मामा नेमके कोणाचे?

वैशाखातली दुपार, साडेतीनचं ऊन, आणि ख्रिस्ती स्मशानभूमीच्या लोखंडी गेटाला कुलूप. गेटाबाहेर शववाहिका उभी. आत आमचे एक म्हातारे स्नेही. ही स्मशानभूमी ज्या मंडळीची, म्हणजे ज्या स्थानिक चर्चची, तिच्याच तिसऱ्या बाकावर त्यांनी पन्नासएक वर्षं काढली, रविवारच्या शाळेत दोन पिढ्यांना वचनं पाठ करायला लावली, नाताळच्या आदल्या रात्री कंदील धरून गावभर गाणी म्हणत फिरले. शेवटची सहा वर्षं मात्र ते बायपासजवळच्या एका हॉलमधल्या नव्या सहभागितेत, म्हणजे नव्या प्रार्थनासमूहात, जात होते. मुलगा तिथं जायचा, आणि त्याच्या गाडीशिवाय यांना घराबाहेर पडता येत नव्हतं. सिद्धांतबिद्धांत काही नाही. गुडघे.

गाव सांगली जिल्ह्यातलं. नाव लिहीत नाही, कारण लिहिलं तर तिथले लोक विचारतील की आमचंच काय लिहिलंत, आणि त्यांचं म्हणणं रास्तच असेल.

पंचांपैकी एकजण वही घेऊन आले. नाव सभासद यादीतून कमी झालेलं, वर्गणी सहा वर्षांची थकलेली. नव्या सहभागितेचे पाळक, म्हणजे पास्टर, म्हणाले, प्रार्थना मीच घेणार, कुटुंबाची तशी इच्छा आहे. पंच म्हणाले, आमच्या जागेत आमचाच पाळक उभा राहणार, नाहीतर उद्या कोणीही येईल. दोघांचाही आवाज खालचाच होता, हे मुद्दाम सांगतो. भांडण असं दिसतच नव्हतं. शववाहिकेचा ड्रायव्हर दोनदा घड्याळ बघून गेला. खड्डा खणणारा माणूस गेटाच्या आतल्या बाजूला लिंबाखाली तंबाखू मळत बसला होता. तो सकाळीच मागच्या कुंपणाच्या फटीतून आत शिरला होता.

मयताचा भाचा तासगावहून आला होता. बहिणीचा मुलगा. त्या घरानं ख्रिस्ती धर्म कधी घेतला नव्हता, पण येणंजाणं तुटलेलं नव्हतं. हातात शेवंतीचा हार, उन्हानं मान टाकलेला. तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "काका, एक विचारू का? मामा नेमके कोणाचे?"

मी काही बोललो नाही. पाऊण तासानं गेट उघडलं. थकलेली वर्गणी भाच्यानं खिशातून भरली होती. पंचांनी रीतसर पावती फाडली, आणि पैसे त्यानं दिले म्हणून पावती त्याच्याच नावानं फाडली. त्या पावतीवर मंडळीचं नाव छापलेलं आहे आणि खाली ओळ आहे: आपण सर्व ख्रिस्तामध्ये एक आहोत.

ही गोष्ट रंगवून सांगण्यात मला रस नाही. असे प्रसंग सातारा-सांगली-मिरज पट्ट्यातल्या बहुतेक ख्रिस्ती घरांना ठाऊक आहेत, आणि इतकी वर्षं आम्ही ते 'चालायचंच' म्हणून गिळत आलो आहोत. बायबलात, करिंथच्या मंडळीला प्रेषित पौलानं पत्र लिहिलं ते याच दुखण्यावर. एकेका उपदेशकाचं नाव घेऊन मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा, असं तिथं चाललं होतं. काहीजण तर म्हणत, मी ख्रिस्ताचा, म्हणजे बाकीचे नव्हेत. पौलानं उलटा सवाल केला: ख्रिस्ताचे तुकडे झाले का? भाच्याचा सवाल वेगळा नव्हता. फक्त तो बाप्तिस्मा न घेतलेल्या माणसानं विचारला होता, आणि उत्तर बाप्तिस्मा घेतलेल्यांकडे नव्हतं.

आमची फाटाफूट श्रद्धेची आहे असं आम्ही एकमेकांना सांगतो. मला ते पटत नाही. निदान आमच्या भागात तरी ती मुळात नकाशाची आहे. इथं आलेल्या मिशनांनी आपसात समजुतीनं इलाखे वाटून घेतले होते. एकानं जिथं काम धरलं तिथं दुसऱ्यानं जायचं नाही. सातारा, वाई, तिकडं नगर, हे अमेरिकन मराठी मिशनचं. ते बोस्टनच्या मंडळाचं, काँग्रिगेशनल परंपरेचं. कोल्हापूर, मिरज, सांगली हे अमेरिकन प्रेस्बिटेरियनांचं. डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले आणि १८९४ मध्ये मिरजेचं हॉस्पिटल उभं राहिलं ते याच मिशनचं. काँग्रिगेशनल म्हणजे जिथली मंडळी तिथला कारभार तीच पाहणार. प्रेस्बिटेरियन म्हणजे मंडळीतल्या ज्येष्ठांच्या सभा, त्यांच्यावर आणखी मोठ्या सभा, अशी उतरंड. फरक खरा आहे, पण तो कारभाराचा. येशू कोण, तारण कशानं, यावर दोघांचं म्हणणं जवळपास एकच.

माझी आजी साताऱ्याकडची, आजोबा मिरजेचे. कोरेगावला रेल्वेत बसली तेव्हा ती काँग्रिगेशनल होती आणि मिरजेला उतरली तेव्हा प्रेस्बिटेरियन झाली. हे दोन्ही शब्द तिला मरेपर्यंत नीट उच्चारता आले नाहीत. तिच्या लेखी फरक एवढाच, की माहेरी बायका प्रार्थनेच्या वेळी अगोदर पदर घेत आणि सासरी नंतर. ती ज्या रेषेवरून गेली ती रेषा परदेशातल्या कुणीतरी कागदावर ओढलेली होती. ते लोक गेले, त्यांचे बंगले पडायला आले, रेषा मात्र आम्ही राखून ठेवली. कुंपण घालून राखली.

हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं असंही नाही. १९१९ च्या मे महिन्याच्या १ आणि २ तारखेला दक्षिणेत तरंगमबाडीला काही पाळक जमले होते, जवळजवळ सगळे भारतीय. त्यांनी निवेदन काढलं. त्याचा आशय असा, की या फाटाफुटी आम्ही केलेल्या नाहीत, त्या बाहेरून आमच्यावर लादल्या गेल्या आणि त्या पुढे चालवायची आमची इच्छा नाही. त्यातून २८ वर्षांनी, २७ सप्टेंबर १९४७ ला, चर्च ऑफ साउथ इंडिया उभं राहिलं. उत्तरेकडे प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल १९२४ मध्येच एकत्र आले होते, म्हणजे आजीची रेषा कागदावरून तेव्हाच पुसली गेली. मग २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा परंपरा मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात अँग्लिकन होते, बाप्टिस्ट होते, ब्रदरन होते. ज्या घराण्यांनी युरोपात एकमेकांची तोंडं पाहिली नाहीत ती नागपुरात एका मांडवात बसली. त्या मानानं ही फार मोठी गोष्ट होती, आणि आम्ही ती शाळेतल्या मुलांना शिकवतसुद्धा नाही.

पण विलीनीकरण झालं म्हणजे एकी झाली, हा भ्रम आता कोणी बाळगू नये. संस्था एक झाल्या तशी मिळकतींची भांडणं सुरू झाली. मिशननं मागे ठेवलेल्या जागा म्हणजे शाळा, दवाखाने, बंगले, दफनभूमी. आणि शहरं वाढली तशा या सगळ्या जागा ऐन मोक्याच्या झाल्या. कोणाची सही चालणार, जुना ट्रस्ट जिवंत की नवा, विश्वस्त बदलले तर चेंज रिपोर्ट मंजूर झाला की पडून आहे, यावर धर्मादाय कार्यालयाच्या बाकांवर आमची कितीतरी शहाणी माणसं म्हातारी झाली. गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीचा असाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१३ च्या निकालाचा अर्थ साध्या भाषेत असा: चर्चनं एकत्र यायचा ठराव केला म्हणून सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या ट्रस्टची मिळकत आपोआप नव्या चर्चची होत नाही, त्याची कायद्यानं ठरवलेली रीत आहे, ती पाळावी लागते. कायदा म्हणून हे बरोबरच आहे. मला खटकतं ते पुढचं. आमच्यापैकी अनेकांना प्रॉपर्टी कार्डावरचा नंबर तोंडपाठ असतो आणि शेजारच्या मंडळीच्या पाळकाचं नाव मात्र माहीत नसतं.

तर देवाचं कुटुंब म्हणजे काय? व्यासपीठावरून हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे कॅलेंडरवरचं चित्र येतं: आई, बाप, दोन मुलं, मागे सूर्य. आमच्या भागात कुटुंब असं नसतं. आमच्याकडे असते ती भावकी. भावकी म्हणजे काय हे कृष्णाकाठच्या माणसाला सांगायला नको. बांधावरून डोकी फुटतात, विहिरीच्या पाळीवरून तीस-तीस वर्षं कोर्टात तारखा पडतात, लग्नाच्या पत्रिकेत नाव खाली छापलं म्हणून लोक जेवायला येत नाहीत. पण मयत झालं की भावकी येते. सुतक लागतं. ते कोर्टाच्या तारखा बघून लागत नाही. ज्याच्याशी बोलणं बंद आहे तोच तिरडीला खांदा देतो, न बोलता देतो, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बोलणं बंद करतो. यातलं काही गोंडस नाही. पण नातं भांडणानं तुटत नाही, एवढी एक गोष्ट भावकीला पक्की ठाऊक असते. आणि ती ठाऊक असते म्हणूनच भांडायची मुभा असते.

आम्ही ख्रिस्ती लोक भावकीपेक्षा मागे पडलो ते इथं. आम्ही भांडण झालं की नातंच रद्द करतो. यादीतून नाव कमी करतो. इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो, तुम्ही आता परके आणि उपरे नाही, तुम्ही देवाच्या घरचे आहात. मराठी पवित्र शास्त्रातला 'घरचे' हा शब्द मला फार आवडतो. घरचं माणूस निवडून येत नाही, वर्गणी भरून होत नाही, आणि थकबाकीमुळे बाद होत नाही. ते असतं. मग त्याच्याशी पटवून घ्यायचं की नाही, हा पुढचा प्रश्न. बाप्तिस्म्यानं माणूस देवाच्या घरचा झाला असेल, तर पंचांच्या वहीला त्यावर काट मारायचा अधिकार कोणी दिला?

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला: सगळेच घरचे म्हटले तर सत्याचं काय? शिकवण चुकीची असली तरी मान डोलवायची का? नाही. बालबाप्तिस्मा ग्राह्य की प्रौढपणी समजून घेतलेलाच खरा, शिंपडायचं की बुडवायचं, हा फालतू वाद नाही. कृष्णेच्या घाटावर कमरेइतक्या पाण्यात उतरून पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावरची ओढ मी पाहिली आहे, आणि तिच्या आईचं दुखावलेलं मनही पाहिलं आहे. आईला वाटतं, मी तुला तान्ही असताना देवाला दिली ते खोटं होतं का? जगभरच्या चर्चच्या धर्मपंडितांनी १९८२ मध्ये पेरूतल्या लिमा शहरात यावर खल केला आणि बाप्तिस्मा पुन्हा द्यायचा नसतो, असं लिहिलं. मी त्याच बाजूचा. तरी त्या मुलीला मी 'त्यांची' म्हणणार नाही. मतभेद टोकाचा असू शकतो आणि तरी समोरचा घरचाच असतो.

आणि सिद्धांताचं म्हणाल तर, ज्या मुद्द्यावर १५१७ नंतर पश्चिमेकडचं चर्च उभं फाटलं, की माणूस नीतिमान ठरतो तो विश्वासानं की कर्मांनी, त्यावर लुथरन (मार्टिन ल्यूथरच्या परंपरेतले) आणि कॅथलिक यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत ऑग्सबर्गला एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. जवळजवळ पाचशे वर्षांचं भांडण, आणि त्यांनी बसून वाक्यागणिक वाट काढली. आमच्याकडे गेल्या वर्षी दोन मंडळ्यांची संयुक्त नाताळ फेरी मोडली ती साउंड सिस्टीम कोणाची लावायची यावरून.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. तो म्हणतो, 'कुटुंब' हा शब्दच धोक्याचा आहे. खरं आहे. हिशेब मागितला की 'आपण एक कुटुंब आहोत, घरातल्या गोष्टी बाहेर नेऊ नयेत' असं ऐकवलं जातं. पाळकाबद्दल एखाद्या बाईनं तक्रार केली तर तिलाच कुटुंब फोडणारी ठरवलं जातं. ज्या घरात प्रश्न विचारला की थोबाडीत बसते त्या घराचं मी कौतुक करत नाही. भावकीतसुद्धा वाटणीपत्र असतं, पंचनामा असतो, बाहेरचा माणूस मध्यस्थीला बोलावला जातो. घरचं असणं म्हणजे तोंड बंद ठेवणं असा अर्थ निघत असेल तर गेटाला कुलूप असलेलं बरं.

जातीबद्दल बोललो नाही तर हा लेख खोटा होईल. 'यहूदी नाही, हेल्लेणी (ग्रीक) नाही, दास नाही, स्वतंत्र नाही' या बायबलातल्या वचनावर सगळ्यात जास्त प्रवचनं आमच्याकडे होतात, आणि मुलीचं स्थळ आलं की पहिला प्रश्न असतो: मूळ गाव कुठलं, आणि तिथं घर कुठल्या बाजूला होतं? नाव बदललं, देव बदलला, चौकशी जुन्याच आडनावाची. सरकार याच्या बरोबर उलट सांगतं. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशानं त्या यादीत जवळजवळ फक्त हिंदू धरले; १९५६ मध्ये सगळे शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेर. म्हणजे सरकार दलित ख्रिस्ती माणसाला सांगतं, तुला आता जात नाही, म्हणून सवलत नाही. आणि चर्चमधले लोक सांगतात, तुला जात आहे, म्हणून आमची मुलगी नाही. सवलतीच्या मागणीसाठी आम्ही मोर्चे काढतो, निवेदनं देतो, ते योग्यच आहे. पण सोयरिकीच्या बैठकीत कोणी निवेदन देत नाही. करिंथकरांना पौलानं प्रभुभोजनावरून, म्हणजे भाकर आणि प्याला वाटून घेण्याच्या विधीवरून, फटकारलं ते याचसाठी, की काहीजण अगोदर येऊन पोटभर जेवत आणि गरीब उशिरा येऊन उपाशी राहत. आमच्यात प्याला एकच असतो, फक्त ताटाला लावायचा पाट वेगळा असतो.

या सगळ्यात मला सारखे आठवतात ते कवी नारायण वामन टिळक, आणि ते साताऱ्याचे म्हणून जास्त. जन्म १८६१ चा, रत्नागिरीकडच्या करजगावचा. पण आयुष्याचा शेवटचा डाव त्यांनी साताऱ्यात मांडला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना घर तुटण्याची किंमत मोजावी लागली. पत्नी लक्ष्मीबाई पुढे बरीच वर्षं वेगळ्या राहिल्या, मग पुन्हा एकत्र आल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. देवाच्या कुटुंबात जाताना रक्ताचं कुटुंब कसं सोलून निघतं हे या नवराबायकोइतकं मराठीत कोणी भोगून सांगितलं नसेल. पुढे टिळक मिशनचे मान्यवर झाले. मिशनच्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकाचं मराठी काम त्यांच्याकडे, पदं लिहिणारे ते, कीर्तन करणारे ते. आज 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक उघडा, कुठल्याही मराठी प्रॉटेस्टंट मंडळीत, पानोपानी टिळक सापडतात. बायपासच्या हॉलमध्ये कीबोर्डवर हिंदी गाणी चालली असली तरी म्हाताऱ्या बायका मधूनच टिळकांचं पद धरतात आणि सगळा हॉल मागून म्हणतो.

असा माणूस १९१७ मध्ये मिशन सोडून बाहेर पडला. पगार सोडला, संन्याशासारखा राहू लागला आणि साताऱ्यात त्यानं 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघंही येशूचे शिष्य म्हणून बरोबरीनं बसू शकत होते. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत, आणि पुलावरून आल्यावर मागचा पूल पाडून टाकायची त्यांची तयारी नव्हती. मिशनमधल्या अनेकांना हे पटलं नसणार. बाप्तिस्म्याशिवाय शिष्य? मग मंडळी म्हणजे काय उरलं? हा प्रश्न मीही टिळकांना विचारला असता. बाप्तिस्मा मला गौण वाटत नाही.

पण गेटाबाहेरच्या त्या दुपारपासून मी तेवढा ठाम राहिलेलो नाही. मार्कच्या शुभवर्तमानात येशूची आई आणि भाऊ दाराबाहेर उभे आहेत, निरोप आत जातो, आणि तो आजूबाजूला बसलेल्यांकडे बघून म्हणतो, जो कोणी देवाच्या इच्छेप्रमाणे करतो तोच माझा भाऊ, बहीण आणि आई. आम्ही हा उतारा नेहमी आतल्यांच्या बाजूनं वाचतो. आत बसलेले ते आम्ही, असं गृहीत धरून. त्या दिवशी देवाच्या इच्छेप्रमाणे नेमकं कोणी केलं? वही घेऊन आलेल्यांनी नाही. प्रार्थनेच्या हक्कासाठी अडून बसलेल्यांनी नाही. मीही नाही, मी सावलीत उभा होतो. खिशात हात घालणारा भाचा दरबारात नक्की बसला असता. टिळकांनी त्याला पाट दिला असता.

टिळक ९ मे १९१९ ला मुंबईत वारले. तरंगमबाडीचं निवेदन निघून जेमतेम आठवडा झाला होता. एकीकडे पाळक मंडळी संस्था कशा जोडाव्यात याचा विचार करत होती, दुसरीकडे हा कवी संस्थेबाहेर माणसं जोडत होता. पहिल्या वाटेनं मोठी चर्चं उभी राहिली, तिथं संस्था आहे, घटना आहे, बिशप आहेत आणि दावेही आहेत. दुसऱ्या वाटेचा दरबार संस्थापकाच्या मागे टिकला नाही. माणूस गेला आणि मांडव उठला. म्हणून दरबार पुन्हा काढा असं मी म्हणत नाही. मला तिसरं काहीतरी हवं आहे, आणि ते फार लहान आहे.

हल्ली एकीची हाक दुसऱ्याच कारणानं दिली जाते. बाहेर वातावरण बरं नाही, प्रार्थनेवर आक्षेप घेतले जातात, तेव्हा निदान आता तरी एक व्हा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, शेकडा एकसुद्धा नाही. त्यातही आपण तुकडे. भीती खोटी नाही. पण सावकाराच्या धाकानं एकत्र राहिलेलं घर सावकार गेला की दुसऱ्या दिवशी चूल वेगळी करतं. २०१९ च्या महापुरात आम्ही हे अनुभवलं. ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी शिरलं तेव्हा तीन मंडळ्यांनी एकाच आवारात खिचडी शिजवली, कोणी कोणाला पंथ विचारला नाही. पाणी ओसरल्यावर भांडी वाटून घ्यायची वेळ आली. प्रत्येकावर नाव कोरलेलं, तेव्हा सोपं होतं. शेवटी एक मोठं पितळी पातेलं उरलं. त्याच्या काठावर पुसट अक्षरात नुसतं 'मिशन' एवढंच. दोन मंडळ्यांनी ते आपलं म्हणून सांगितलं, आणि दोघींचंही खरं होतं, कारण ते कोरलं गेलं तेव्हा त्या दोन नव्हत्या. अर्धा तास वाद झाला. पातेलं अजून तिसऱ्याच्याच घरी माळ्यावर आहे.

म्हणून मोठ्या विलीनीकरणाबद्दल मला आता बोलायचं नाही, ते कायदेपंडितांनी बघावं. संयुक्त सभा, हारतुरे, एकीचे फलक, हेही पुष्कळ झालं. मला फक्त सुतक पाळायचं आहे. मयत कोणत्याही मंडळीचं असो, बाकीच्या मंडळ्यांतल्या निदान चार माणसांनी खांद्याला जावं. दफनभूमी तालुक्यातल्या कोणत्याही बाप्तिस्मा झालेल्या माणसाला, आणि घरच्यांनी मागितली तर न झालेल्यालाही, वर्गणी न बघता मिळावी. खड्ड्याचा खर्च घ्या, थकबाकी नको. प्रार्थना कुटुंब म्हणेल त्या पाळकानं घ्यावी, जागेच्या पाळकानं शेवटचा आशीर्वाद द्यावा. यात कोणाचा सिद्धांत बुडत नाही, कोणाची मिळकत जात नाही, आणि धर्मादाय आयुक्तांची परवानगीही लागत नाही.

आमच्या मंडळीच्या पंचसभेत पुढच्या महिन्यात हा विषय घेतला आहे. विषयपत्रिकेवर तो सातवा, 'गेट दुरुस्ती व इतर' या नावाखाली. ठराव असा: स्मशानभूमीच्या कुलपाच्या आणखी तीन किल्ल्या करून घ्याव्यात, एक बायपासच्या सहभागितेला, एक कॅथलिक फादरांना, एक खड्डा खणणाऱ्याला, म्हणजे त्याला फटीतून शिरावं लागणार नाही. स्टँडजवळच्या किल्लीवाल्याला विचारून आलो, तिन्हीचे मिळून दीडशे रुपये म्हणाला. सूचक म्हणून मी सही केली आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही.